सूचनापत्रक हरवलेला मोठा कौटुंबिक तंबू कसा उभारावा?

रानवाटा (धागाकर्ता)

बहिणीचे कुटुंब इंग्लंडमधील वास्तव्य संपवून पुण्यास परतले, तेव्हा जहाजाने आलेल्या सामानात एक मोठा तंबू होता आणि त्यांच्या घरी जागा नसल्यामुळे तो आता आमच्या माळ्यावर आला आहे. तिकडे असताना त्यांनी तो शेजाऱ्यांकडून जुना विकत घेतला होता, पण वापरण्याचा योग काही आला नाही. त्यामुळे तो कसा उभारायचा हे त्यांनाही ठाऊक नाही. पिशवीत सूचनापत्रक नाही आणि पिशवीवरचे छापील नाव पुसट होऊन वाचता येईनासे झाले आहे.

जानेवारीत आई-वडील आणि मुलांसह आम्ही सहाजण भंडारदऱ्याला जाणार आहोत. तेथील एका शेतकऱ्याने धरणाच्या पाण्यापासून बऱ्याच वर असलेल्या आपल्या रिकाम्या भातखाचरात मुक्काम करण्यास परवानगी दिली आहे. तत्पूर्वी हा तंबू एकदा तरी येथे उभारून पाहावा असा विचार आहे. पिशवीतून पुढील वस्तू निघाल्या: हिरव्या-करड्या कापडाचे एक भले मोठे आवरण; पांढरट, विरळ कापडाच्या दोन खोल्या; आतून रबरी दोरीने जोडलेल्या फायबरग्लासच्या काड्यांच्या चार मोळ्या, त्यांतील तीन जाड आणि एक बारीक; दोन सरळ लोखंडी दांडे; वाकलेल्या मेखांची एक पिशवी; आणि दोऱ्यांचा गुंता. जाणकारांनी कृपया सांगावे की सुरुवात नेमकी कोठून करावी.

मिशिगनवासी

लोखंडी दांडे आहेत म्हणता, तेव्हा माझा पहिला अंदाज असा की हा सरळ भिंतींचा, खोलीसारखा तंबू असावा. आमच्याकडे अमेरिकेत राज्य उद्यानांमध्ये मोठी कुटुंबे बहुधा असेच तंबू वापरतात. त्यांत प्रत्येक कोपऱ्यावर लोखंडी पाय असतो, वर तीन तोंडांचे प्लास्टिकचे किंवा लोखंडी सांधे बसतात आणि छताचे दांडे त्या सांध्यांत शिरतात. अशा तंबूत आतली खोली आधी उभी करतात आणि पावसाचे आवरण शेवटी वरून टाकतात. तुमच्या पिशवीत तसे सांधे आहेत का, हे पाहून सांगावे.

दुसरे असे, की आतल्या शिवणीत कोठेतरी एक छोटे कापडी लेबल शिवलेले असते. त्यावर ज्वलनशीलतेचा इशारा आणि पुष्कळदा नमुन्याचे नावही असते. तेथे ‘सीपीएआय-८४’ असे छापलेले असेल तर तंबू अमेरिकी बाजारासाठी बनवलेला आहे असे समजावे. युरोपात विकल्या जाणाऱ्या तंबूंवर ‘आयएसओ ५९१२’ या मानकाचा उल्लेख आढळतो. नमुन्याचे नाव मिळाले तर अनेक उत्पादक जुन्या तंबूंची सूचनापत्रके आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, आणि मग या धाग्याची गरजच उरणार नाही.

टेम्सकाठ

मिशिगनवासी यांच्या अंदाजाशी मी सहमत नाही. दोन लोखंडी दांड्यांवर खोली उभी राहत नाही. त्यासाठी किमान चार पाय लागतील. इंग्लंडमध्ये गेली कित्येक वर्षे आम्ही मुलांना घेऊन तंबूत राहत आलो आहोत आणि वर्णनावरून हा बोगद्याच्या आकाराचा तंबू आहे याविषयी मला फारशी शंका वाटत नाही. तीन जाड मोळ्या म्हणजे एकामागे एक उभ्या राहणाऱ्या तीन कमानी. लोखंडी दांडे हे दाराचा पडदा वर उचलून पुढे पडवी करण्यासाठी असतात. तंबू उभा राहण्याशी त्यांचा काहीही संबंध नसतो. ते बाजूला ठेवून द्यावेत.

तरीही माझ्या अंदाजावर विसंबू नये, कारण कापड स्वतःच सांगेल. मोठे आवरण मोकळ्या जागेत पूर्ण पसरावे आणि दांडे ओवण्याचे नेफे कोणत्या दिशेने जातात ते पाहावे. नेफे एकमेकांना समांतर, रुंदीच्या दिशेने जात असतील तर तो बोगदा. ते छताच्या मध्यावर एकमेकांना छेदत असतील तर तो घुमट. नेफेच नसतील आणि छताच्या मध्यभागी आतून जाड कापडाचे एकच ठिगळ असेल तर तो मधल्या खांबावर उभा राहणारा तंबू. हा फरक आधी कळणे अत्यावश्यक आहे, कारण घुमटी तंबू एकदा दांडे वाकवून अडकवले की मेखांशिवायही आपला आपण उभा राहतो, तर बोगदा मेखा ठोकल्याशिवाय आणि पुढे-मागे ताणल्याशिवाय एक क्षणही उभा राहत नाही. लोक त्याला हाताने धरून उभे राहतात, तो पुनःपुन्हा आडवा पडतो आणि मग दोष दांड्यांना दिला जातो.

आणखी एक गोष्ट म्हणजे इकडच्या बहुसंख्य मोठ्या तंबूंमध्ये बाहेरचे आवरण आधी उभे राहते आणि झोपण्याच्या खोल्या नंतर आतून टांगल्या जातात. येथील पावसाचा विचार करता ते स्वाभाविकच आहे. तुमच्या आवरणावरच नेफे असतील तर क्रम हाच.

रानवाटा

दोघांचेही आभार. सोसायटीच्या हिरवळीवर आवरण पसरून पाहिले. तीन तोंडांचे सांधे कोठेही नाहीत. नेफे तीन असून ते समांतर आणि आडवे आहेत, म्हणजे टेम्सकाठ यांचा अंदाज बरोबर ठरला. लेबल सापडले, परंतु धुऊन धुऊन कोरे झाले आहे. आवरणाची लांबी साधारण ६ मीटर आणि जमिनीवरची रुंदी ३ मीटरच्या आसपास भरते.

आता अडचण दांड्यांची आहे. तीन जाड मोळ्यांपैकी दोन जोडल्यावर सुमारे ५.७ मीटर लांब होतात आणि त्यांत नऊ-नऊ तुकडे आहेत. तिसरीत आठच तुकडे असून ती ५ मीटरच्या थोडी पुढे भरते. एक तुकडा हरवला आहे की काय, अशी शंका येते. शिवाय ३ मीटर रुंदीच्या तंबूला ५.७ मीटरचा दांडा फारच मोठा वाटतो. दांड्यांच्या टोकांवर रंगाच्या खुणा नाहीत; एका नेफ्याच्या तोंडाशी मात्र लाल फीत शिवलेली आहे.

टेम्सकाठ

५.७ मीटरचा दांडा मोठा नाही. कमान पूर्ण अर्धवर्तुळाची धरली तर ३ मीटर रुंदीला सुमारे ४.७ मीटर लांबी लागते, आणि तिची उंची जेमतेम दीड मीटर होते. तुमच्या तंबूत माणूस ताठ उभा राहावा अशी अपेक्षा असणार. रुंदी तीच ठेवून उंची २.१ मीटर केली, म्हणजे कमान उभट झाली, की दांड्याची लांबी हिशेबाने ५.७ मीटरच येते. तेव्हा तुमचे दोन मोठे दांडे उंच भागाचे आहेत, हे आकड्यांवरूनच सिद्ध होते.

आठ तुकड्यांच्या दांड्यातून काही हरवले असेल असे मला वाटत नाही. तुकडा खरोखर हरवला असता तर आतली रबरी दोरी त्या ठिकाणी सैल लोंबली असती किंवा कोणीतरी तिला गाठ मारलेली दिसली असती. शिवाय बोगद्याच्या आकाराच्या अनेक तंबूंची मागची बाजू मुद्दाम ठेंगणी ठेवलेली असते, कारण तेथे झोपायचे असते, उभे राहायचे नसते, आणि उतरत्या पाठीवरून वारा निसटून जातो. खात्री करायची असेल तर सुतळी घ्यावी आणि प्रत्येक नेफ्याच्या एका टोकाच्या कडीपासून दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंत कापडाच्या शिवणीवरून ती धरून मापावी. तीनपैकी एक नेफा इतरांपेक्षा सुमारे अर्धा-पाऊण मीटर आखूड भरेल. तोच मागचा, आणि बहुधा लाल फीतही तेथेच असेल.

दांडा ओवताना तो नेहमी पुढे ढकलावा. दुसऱ्या टोकाने कधीही ओढू नये. ओढला की तुकडे एकमेकांतून निसटतात, सांध्यात नेफ्याचे कापड चिमटले जाते आणि मग ना पुढे ना मागे अशी गत होते. एकाने ढकलावे आणि दुसऱ्याने नेफ्याचे कापड त्याच्याकडे सरकवत राहावे. हातात जाड मोजे असावेत, कारण जुन्या फायबरग्लासचे तंतू उकलून बोटांत घुसतात व ते डोळ्यांना दिसतही नाहीत. उभी चीर गेलेला एखादा तुकडा आढळला तर तो तसाच वापरू नये; कमान वाकवताना तो तेथेच मोडेल आणि कापड फाडेल.

बारा गावचं पाणी

आमच्या घरी तीन पिढ्या मांडवाचा व्यवसाय आहे, म्हणून येथे लिहिण्याचे धाडस करतो. आमच्या मांडवाचा क्रम याच्या नेमका उलटा असतो: खड्डे, मग खांब, मग आडवे वासे, आणि कापड सर्वांत शेवटी. मांडवाचे कापड काढून नेले तरी सांगाडा उभाच राहतो. या तंबूचा सांगाडा मात्र कापडावाचून उभा राहू शकत नाही. कापडाचा ताण हाच त्याचा अर्धा सांगाडा आहे. म्हणून धागाकर्त्यांनी ‘आधी दांडे उभे करू, मग कापड नीट करू’ असा विचार करू नये.

आमच्याकडच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र येथेही जशीच्या तशी लागू पडते. काम कितीही मोठे असो, आवाज एकाचाच असावा. चार टोकांवर चार माणसे उभी असताना चौघांनीही सूचना देण्यास आरंभ केला की कापड फाटते. एकाने दूर उभे राहून पूर्ण आकाराकडे पाहावे आणि त्यानेच ‘उचला’, ‘थांबा’, ‘सोडा’ म्हणावे. कुटुंबात हा मान कोणाला द्यायचा, हा प्रश्न मी धागाकर्त्यांवर सोपवतो.

कातळकडा

येथपर्यंत इंग्लंडच्या मऊ हिरवळीची चर्चा झाली. आता भंडारदऱ्याच्या जमिनीविषयी बोलू. जानेवारीतले भातखाचर म्हणजे सुकून दगडासारखी झालेली चिकण माती. तिच्यात भाताची खुंटे असतात आणि वीतभर खाली मुरूम किंवा कातळ लागण्याची शक्यता असते. पिशवीतल्या त्या बारीक तारेच्या मेखा पहिल्याच ठोक्याला वाकतील. त्या आधीच वाकलेल्या आहेत, याचा अर्थ त्यांनी इंग्लंडमध्येही फारसे शौर्य गाजवलेले नाही.

माझी सूचना अशी की बांधकामाच्या साहित्याच्या दुकानातून ८ किंवा १० मिलिमीटरची सळई घेऊन तिचे फूट-सव्वा फुटाचे तुकडे कापून घ्यावेत, एका टोकाला ग्राइंडरने धार काढावी आणि दुसरे टोक आकड्यासारखे वाकवून घ्यावे. वेल्डिंगच्या कोणत्याही दुकानात हे काम होते. कोपऱ्यांना आणि मुख्य तणाव्यांना, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्यांना, याच मेखा वापराव्यात. वजन वाढते हे खरे, पण सामान गाडीने जाणार असल्याने त्याची चिंता नाही. रबरी हातोड्याऐवजी साधा लोखंडी हातोडा न्यावा. रात्री कोणी ठेचकाळू नये म्हणून प्रत्येक आकड्यावर पांढऱ्या कापडाची चिंधी किंवा प्लास्टिकची रिकामी बाटली उपडी घालावी.

मेख उभी ठोकू नये. तिचे डोके तंबूपासून दूर आणि टोक तंबूच्या बाजूला जमिनीत शिरलेले असावे, म्हणजे दोरीचा ताण मेखेशी जवळजवळ काटकोनात येतो आणि ती वर उपसली जात नाही. जेथे मेख बोटभरही शिरत नाही तेथे हट्ट सोडावा आणि दोरीचे टोक एका आडव्या काठीला बांधून त्या काठीवर मोठे दगड रचावेत. नुसत्या दगडाला दोरी गुंडाळली तर धारेवर घासून ती रात्रीत तुटते. कोकणात पुळणीवर मुक्काम करायचा झाल्यास वाळूने भरलेली पिशवी हातभर खोल पुरून तिला दोरी बांधतात. तत्त्व तेच आहे.

तंबूची दिशा हा मुद्दा मात्र मी सर्वांत वर ठेवीन. बोगद्याची ठेंगणी पाठ वाऱ्याकडे असली पाहिजे. त्याची लांब कूस वाऱ्यावर आली तर कमानी एका अंगाला लवतात आणि आतल्यांना झोप लागत नाही. त्या खाचरात रात्री वारा कोणत्या बाजूने येतो हे शेतकऱ्याला विचारावे. पाण्याचे दृश्य दिसावे म्हणून दार हमखास तलावाकडे करण्याचा मोह होतो. आधी वारा पाहावा, दृश्य नंतर. आणि खाचराचा सर्वांत खोल कोपरा टाळावा, कारण रात्री थंड हवा तेथेच साचते आणि दवही तेथे सर्वाधिक पडते.

धुक्यातली वाट

कातळकडा यांनी जमिनीविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे. त्यात एक भर घालते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर तेथून अगदी लगत आहे, तेव्हा शेतकऱ्याची परवानगी असली तरी ते शेत अभयारण्याच्या हद्दीत येते का, येत असल्यास वनखात्याचे काय नियम आहेत, हे आधीच विचारून घ्यावे. शेकोटीबाबतही तेच.

रानवाटा

सर्वांच्या सूचना कागदावर उतरवून घेतल्या आणि रविवारी सकाळी हिरवळीवर पहिला प्रयत्न केला. सुतळीच्या मापाने आखूड नेफा सापडला आणि लाल फीत खरोखरच त्याच्या तोंडाशी होती. मागची बाजू मेखांनी पक्की करून तिन्ही दांडे ओवले, टोके कड्यांतल्या पिनांवर बसवली आणि पुढच्या कमानीचे पट्टे धरून दोघांनी ती पुढे ओढली. तंबू एकदम उभा राहिला; मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तथापि दोन दोष राहिले. पुढच्या दाराची चेन मध्यापर्यंत येऊन अडते. दोन्ही बाजूंत वीतभर अंतर राहते आणि जोर लावला तर ती तुटेल असे वाटते. दुसरे म्हणजे उजव्या अंगाला मधल्या आणि मागच्या कमानींच्या दरम्यान कापडावर तिरप्या सुरकुत्या पडल्या आहेत, त्या तणावे कितीही ओढले तरी जात नाहीत. उलट अधिकच खोल होतात.

टेम्सकाठ

पहिल्या दोषाचे कारण बहुतेक असे, की पुढच्या कोपऱ्यांच्या मेखा ठोकताना दार उघडे होते. दार उघडे असले की कमानीचे पाय नकळत फाकतात आणि मग बंद करण्यापुरते कापड उरत नाही. तंबूची सर्व दारे बंद करूनच कोपरे ठोकावेत, हा या प्रकारच्या तंबूंचा पहिला नियम समजा. त्याशिवाय दाराच्या तळाशी एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत जाणारा आणि मध्ये बकल असलेला पट्टा आहे का, ते पाहावे. पुष्कळ तंबूंत तो असतो आणि पुष्कळ लोक तो ठेच लागते म्हणून काढून ठेवतात. तो पट्टा बकल लावून ताणला की कमानीची रुंदी आपोआप ठरते. मेखा ठोकून झाल्यावर तो सोडला तरी चालतो.

चेनवर जोर मुळीच लावू नये. फाटलेले कापड शिवता येते, मोडलेला दांडा बदलता येतो. इतक्या लांबीची चेन बदलून देणारा कारागीर मिळणे कठीण आहे.

बारा गावचं पाणी

सुरकुत्यांविषयी मी सांगतो, कारण कापडाचा ताण हा आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे. सुरकुती ज्या रेषेत पडते त्या रेषेत ताण भरपूर असतो. कमतरता असते ती आडव्या दिशेच्या ताणाची. म्हणून सुरकुतीच्याच रेषेतला तणावा आणखी ओढला की ती खोल होणारच, आणि तुमचे नेमके तेच झाले आहे. सुरकुतीच्या दोन टोकांपैकी जमिनीकडचे टोक कोणत्या मेखेकडे जाते ते पाहावे आणि ती मेख उपटून थोडी आत घ्यावी. त्यानंतर शेजारची मेख बाहेर ओढावी. तिरपी सुरकुती बहुधा एवढेच सांगत असते की उजवा आणि डावा पाय एकमेकांसमोर नाहीत, म्हणजे कमान काटकोनात न राहता तिरकी उभी आहे.

हे टाळण्यासाठी आम्ही पाया आखताना कर्ण मोजतो. मागच्या डाव्या कोपऱ्यापासून पुढच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरावी, मग तीच सुतळी दुसऱ्या कर्णावर धरून पाहावी. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकोन सरळ झाला. त्यानंतर तणावे लावावेत, आणि तेही एका बाजूचे सगळे एकदम न ओढता, समोरासमोरची जोडी एकाच वेळी थोडीथोडी ताणत न्यावी. तणावा ज्या शिवणीतून निघतो त्याच शिवणीच्या रेषेत पुढे जावा. त्याला वळण दिले तर त्याचे अर्धे बळ वाया जाते.

मिशिगनवासी

माझा अंदाज चुकीचा ठरला तरी धागा वाचून फार शिकायला मिळाले. एक प्रश्न विचारतो. तंबू इतका जुना असेल तर त्याचे जलरोधक अस्तर टिकले आहे का, हे पाहिले पाहिजे. आतल्या बाजूने हात फिरवल्यावर कापड चिकट लागते का? आंबूस वास येतो का? शिवणींवरच्या पारदर्शक पट्ट्या पापुद्र्यांसारख्या सुटल्या आहेत का? पॉलियुरेथेनचे अस्तर दमट जागी वर्षानुवर्षे घडी करून ठेवले की ते विघटित होऊन चिकट बनते. पट्ट्या सुटल्या असतील तर शिवणींना लावण्याचे द्रव्य मिळते आणि त्याने काम भागते. सगळे अस्तरच चिकट झाले असेल तर मात्र त्या तंबूकडून पावसाची अपेक्षा करू नये. जानेवारीत ही अडचण येणार नाही, पण पुढे पावसाळ्याचे बेत आखण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून पाहावे.

धुक्यातली वाट

बाहेरचे आवरण उभे राहिल्यावर काम संपले असे सर्वांना वाटते आणि आतल्या खोल्या कशातरी टांगल्या जातात. त्यांचाही क्रम आहे. खोलीचे दार तंबूच्या आतल्या बैठकीकडे यायला हवे, म्हणून टांगण्यापूर्वी ती जमिनीवर योग्य दिशेला ठेवावी आणि तिचीही चेन बंद करावी. प्रथम छताच्या मागच्या रांगेतल्या गुंड्या आवरणाच्या आतल्या फासांत अडकवाव्यात, मग पुढच्या, मग बाजूच्या, आणि तळाचे कोपरे शेवटी. हे काम आत उभे राहून मान वर करून करावे लागते, तेव्हा ते आजोबांना देऊ नये.

खोलीचे कापड आणि बाहेरचे आवरण यांमध्ये सगळीकडे हाताचा पंजा जाईल एवढी पोकळी राहिली पाहिजे. भंडारदऱ्याला जानेवारीच्या पहाटे सहाजणांच्या श्वासातली वाफ आवरणाच्या आतल्या बाजूवर थेंबांच्या रूपाने जमणारच. तंबू गळतो आहे असा गैरसमज करून घेऊ नये. पोकळी असेल तर ते थेंब आवरणावरूनच घसरून जमिनीत मुरतात. कापडाला कापड चिकटले असेल तर ते पाणी अंथरुणात उतरते. थंडी वाजते म्हणून हवा जाण्याच्या खिडक्या बंद केल्या तर ओल आणखी वाढते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आई-वडिलांना थंडी वाजेल म्हणून शेगडीतले निखारे, कोळशाचे बार्बेक्यू किंवा गॅसचा हिटर तंबूच्या आत, अगदी पडवीतसुद्धा, घेऊ नये. कोळसा विझल्यासारखा दिसला तरी बराच काळ कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. थंडीसाठी अंगाखाली जाड अंथरूण घालावे. ऊब जमिनीतून निघून जाते, म्हणून वर दोन रजया घेण्यापेक्षा खाली एक सतरंजी व एक फोमचा तुकडा वाढवणे अधिक उपयोगी ठरते. गरम पाण्याची रबरी पिशवी पायांशी ठेवावी.

टेम्सकाठ

धुक्यातली वाट यांच्या शेवटच्या परिच्छेदातले प्रत्येक वाक्य मी येथून दुजोरा देऊन अधोरेखित करतो. इकडच्या तळांच्या प्रवेशद्वारांवर हाच इशारा लावलेला असतो, आणि तो वाचूनही लोक विझत आलेले बार्बेक्यू पावसापासून वाचवण्यासाठी आत घेतात.

रानवाटा

दार बंद करून, पट्टा लावून आणि कर्ण मोजून पुन्हा उभारला. चेन सहज लागली. सुरकुत्या एक मेख टाचभर आत घेताच नाहीशा झाल्या. अस्तर कोरडे आहे, चिकटपणा नाही. मागच्या एका शिवणीची पट्टी तेवढी सुटली आहे. एकच आवाज असावा ही सूचना पाळली आणि तो मान आईला दिला. तिने खुर्चीत बसून सगळे काम करवून घेतले.

उरलेल्या तीन शंका विचारतो. बारीक चौथी मोळी कोठे बसते, ते अजून कळलेले नाही. तिची लांबी दीड मीटरच्या आसपास आहे. पुन्हा घडी करून तंबू त्याच पिशवीत बसवण्याची काही रीत आहे का? आणि मेखांच्या पिशवीच्या तळाशी काही सुटी काळी रबरी कडी निघाली आहेत, ती कशाची?

टेम्सकाठ

बारीक दांडा पुढच्या किंवा बाजूच्या दारावरच्या छज्जाचा असावा. दाराच्या माथ्यावर बाहेरून एक आखूड नेफा किंवा दोन छोट्या खिशांची जोडी दिसते का, ते शोधावे. तेथे तो वाकवून बसवला की दार उघडताना पाणी आत ओघळत नाही. तो बसवला नाही तरी तंबू उभा राहण्यात काही उणे पडत नाही.

घडी करताना तंबू पूर्ण वाळलेला असावा. भंडारदऱ्याहून निघताना दवामुळे तो ओलाच गुंडाळावा लागेल. अशा वेळी घरी पोहोचताच त्याच दिवशी गच्चीवर पसरून वाळवावा. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर ओलसर राहिला तर त्याला बुरशी धरेल. दांडे काढतानाही नेफ्यातून ढकलूनच काढावेत, आणि मोळी करताना मधल्या सांध्यापासून घडी घालत दोन्ही टोकांकडे जावे; त्यामुळे आतल्या रबरी दोरीचा ताण सारखा वाटला जातो. मग आवरण लांबीच्या दिशेने पिशवीच्या रुंदीएवढे दुमडावे, दांड्यांची मोळी त्याच्या बंद टोकावर ठेवावी आणि तिच्याभोवती गुंडाळत दाराच्या टोकाकडे न्यावे, म्हणजे अडकलेली हवा उघड्या दारातून निघून जाते. चेन थोडी उघडी ठेवायला विसरू नये. दांड्यांच्या टोकांवर रंगीत चिकटपट्टी लावून घ्यावी: मागच्या आठ तुकड्यांच्या दांड्याला लाल, नेफ्यावरच्या फितीशी जुळणारी, आणि उरलेल्या दोन्हींना दुसरी कोणतीही.

कातळकडा

रबरी कडी आवरणाच्या खालच्या काठाला असलेल्या फासांत अडकवण्यासाठी आहेत. मेख त्या कड्यातून ठोकली जाते आणि वाऱ्याचा झटका आला की कापडाऐवजी रबर ताणले जाते. पिशवीतली सुटी कडी जादाची असणार. काठाला असलेली जुनी कडी बोटाने ताणून पाहावीत. भेगा दिसल्या तर ती आत्ताच बदलावीत. जादाची कमी पडली तर पंक्चरच्या दुकानातून स्कूटरची टाकाऊ ट्यूब आणून तिच्या बोटभर रुंदीच्या आडव्या चकत्या कापाव्यात. त्या मूळच्या कड्यांपेक्षा अधिक टिकतात.